स्विचवरचा पहारा

वडिलांनी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा मुलीने मागून त्यांचा सदरा धरला.

"बाबा, उतरा."

"चाळीस वर्षं चढतोय. ही शिडी मला तुझ्या आईच्या माहेरापेक्षा जास्त ओळखते."

"उतरा म्हणते ना."

ते उतरले. हातातला टेस्टर थरथरत होता. तो त्यांनी हातासकट खिशात घातला, म्हणजे थरथर दिसायची थांबली.

वर पत्र्याच्या कडेखाली, खांबावरून घरात येणारी वायर उघडी पडली होती. उन्हाने तडकून तिचं आवरण गळालं होतं आणि वीतभर तार नुसती चमकत होती. तिच्याखालीच कपडे वाळत घालायची दोरी. मुलीच्या नजरेला ते पडलं आणि तिने वायरमनला बोलावलं. हा वायरमन वडिलांच्याच हाताखाली शिकलेला. आता त्याचेही कल्ले पांढरे झाले होते, पण वडील त्याला अजून बोक्याच म्हणत.

वायरीपेक्षा मोठं एक काम आज व्हायचं होतं. वडिलांना या घरात एकटं ठेवायचं नाही, असं भावाचं म्हणणं होतं. त्याने एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता आणि उत्तर आजच द्यायचं होतं. वडिलांनी गॅस चालू ठेवला. दूध आणायला गेले ते दुपारी परतले. आईला जाऊन तीन वर्षं झाली, तरी तिला हाक मारली. भाऊ एकेक मोजून सांगायचा. मुलगी दर वेळी म्हणायची, "हात गेलेत त्यांचे, डोकं नाही. गॅस मीही विसरते. मला कुठे ठेवशील?"

तिने वायरमनला बाजूला घेतलं. "दादा, त्यांना काहीतरी काम द्या. नाहीतर तुमच्या मागोमाग चढतील."

"काय देऊ?"

"व्हरांड्यातल्या मेन स्विचपाशी उभं करा. म्हणावं, तुम्ही राखण करा, कुणाला चालू करू देऊ नका."

वायरमन तिच्याकडे बघत राहिला. "हे मी सांगू? त्यांना?"

"मान राहील हो त्यांचा."

तो वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. "उस्ताद, वरच्या तारेला हात घालायचाय. तुम्ही मेन स्विच पाडा आणि इथेच थांबा. माझा जीव तुमच्या हातात."

एवढं बोलून तो तिथेच घुटमळला. अजून काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखा.

वडिलांनी स्विच खाली ओढला. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. "जा बोक्या. मी आहे."

वायरमन मग, कोपऱ्यावर वीज कंपनीचा माणूस आलाय, त्याच्याशी बोलून येतो, असं म्हणून गेला. परत आला तो मान खाली घालून शिडी चढला.

वडील दोन तास हलले नाहीत. तळवा स्विचवर, पाठ ताठ. तिने खुर्ची आणून ठेवली, त्यांनी ती पायाने सरकवली. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "लाइट गेली का हो?"

"गेली नाही, मी पाठवलीय. काम झालं की बोलावीन परत."

काकू हसल्या. मुलगी हसली. तिने फोटो काढला आणि काकूंच्या किश्श्यासकट भावाला पाठवला. खाली लिहिलं, "हे बघ तुझे विसरभोळे बाबा."

वरून वायरमन ओरडला, "उस्ताद, स्विच बंद आहे म्हणजे मी तारेला हात घालू ना? नीट विचार करून सांगा!"

"अरे घाल! किती वेळा विचारशील?"

त्याने आणखी दोनदा विचारलं. तिला वाटलं, जरा अतिच करतोय हा.

भावाचं उत्तर आलं. "चुकलो मी. राहू देत त्यांना घरीच. आश्रमातल्या खोलीला नाही म्हणून कळवतो." तिने ते तीनदा वाचलं. कित्येक महिन्यांनी तिला भूक लागली.

काम संपलं. नवी वायर जाड पाइपात गेली, कुठे नखभर तार दिसेना. वायरमन उतरला आणि फडक्याने हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते.

"छान निभावलंत दादा," ती हळूच म्हणाली. "त्यांना जरासुद्धा संशय आला नाही."

"नाही आला." तो वडिलांकडे बघत नव्हता. "ताई, खांबावरून येणारी वायर आधी मीटरला जाते आणि तिथून या स्विचला. स्विच पाडल्याने घर बंद होतं. वरची तार जिवंतच राहते. मी ती कंपनीच्या माणसाकडून खांबावरून सोडवून घेतली होती, म्हणून तुमच्यासमोर उभा आहे."

तिने हातातल्या फोनकडे पाहिलं.

"कामाचा माझा पहिला दिवस होता. असाच मेन स्विच पाडून मी वर चढायला निघालो, तर उस्तादांनी खाली ओढून कानाखाली एक वाजवली होती. आठ दिवस कान गुणगुणत होता."

व्हरांड्यातून वडिलांचा खणखणीत आवाज आला, "बोक्या, बिनधास्त धर तार! मी बंद केलंय!"

वायरमनने फडकं खांद्यावर टाकलं.

"आज दोन तास दुसरीची वाट बघत होतो, ताई."