वरचे चार डबे

मुलांनो, कल्पना करा की तुम्ही घानातल्या टेचिमान गावच्या शाळेत बसला आहात आणि फळ्यापाशी दहा वर्षांची अफ्रिये उभी आहे. आज नफ्याचा धडा आहे. तिची आई बाजारात मका विकते, म्हणून गुरुजींनी गणित तिलाच मांडायला सांगितलं आहे.

"आई मक्याचं पोतं घेते आणि मापाच्या डब्याने विकते," अफ्रिये ऐटीत म्हणाली. "छत्तीस डबे विकले की पोत्याचे पैसे वसूल. वरचे आठ डबे आमचा नफा."

"पोरी, पोत्यात डबे चाळीसच भरतात," गुरुजी म्हणाले. "मग नफा चारच डब्यांचा. बाकीचे चार आले कुठून?"

"आमच्या घरातून, गुरुजी," मागच्या बाकावरून ओफोसू म्हणाला. "आम्ही हिच्याच आईकडून मका घेतो. हल्ली जेवताना मक्याच्या बंकूचा शेवटचा गोळा माझ्यापर्यंत पोचतच नाही."

वर्ग हसला. अफ्रियेला मात्र मान वर करवेना. दर रविवारी आई डबा पालथा घालून त्याच्या बुडावर दगडाने ठोकायची, तसं बूड थोडं आत जायचं. तो दगड आणून द्यायची ती अफ्रियेच. तिला वाटायचं, आई डब्याचे पोचे काढते आहे.

त्या संध्याकाळी अफ्रियेने तोच दगड उचलला, डबा वाळूत सरळ ठेवला आणि आईच्या देखत त्याचं बूड आतून ठोकायला घेतलं.