लाल दोऱ्याची खूण

"गॅस बंद केलाय," मागच्या सीटवरून बायको म्हणाली. गाडी घरून निघाल्यापासून तिसऱ्यांदा.

"बरं, बरं," तो म्हणाला. अशा माणसाशी वाद घालायचा नसतो, एवढं त्याला आता कळून चुकलं होतं.

त्याने शेजारी लेकीकडे पाहिलं. ती स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होती. आईसमोर ती तरी बिचारी काय बोलणार?

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी तिघांनाही समोर बसवून सांगितलं होतं. विसरण्याचा हा आजार मागे फिरत नाही. आता चोवीस तास कुणीतरी लागेल, आणि ते घरी जमायचं नाही. डॉक्टर सगळा वेळ त्याच्याकडे बघून बोलत होते. बरोबरच आहे, घरातला कर्ता माणूस तोच. बायको तोंडाला रुमाल लावून रडत होती. समुद्राकाठच्या शहरात अशा लोकांसाठी एक चांगली संस्था होती. लेकीने कागद पुढे सरकवला आणि त्याने सही केली. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि एक सही. 

वाटेत काय बोलायचं तेही ठरलं होतं. समुद्र बघायला चाललोय, बस्स. अठ्ठावीस वर्षं याच रस्त्यावर त्याने बस चालवली. समुद्राचा वारा खाऊन रोज परत यायचा, आणि बायकोला एकदाही नेलं नाही. आज नको, उद्या बघू, असं करता करता राहूनच गेलं. आता नेत होता, तेही असं फसवून. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

"रेल्वेचं फाटक आलं की डावीकडे घे," तो म्हणाला.

"हो बाबा," म्हणत लेकीने गाडी सरळ पुलावर घातली.

"अगं, डावीकडे म्हटलं ना! डेपोत मला घड्याळ म्हणायचे, घड्याळ! या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला तोंडपाठ आहे."

"माहितीये, बाबा."

पालथ्या घड्यावर पाणी. हल्लीच्या पोरांना पूल दिसला की चढायचंच असतं.

चहाला थांबले तेव्हा चष्मा काढायला त्याने खिशात हात घातला, तर चिठ्ठी हाताला लागली. लेकीचा फोन नंबर, बायकोच्या ठसठशीत अक्षरात. स्वतःजवळ ठेवायचा तो तिने त्याच्या खिशात कोंबला होता. त्याने चिठ्ठी गुपचूप तिच्या पर्समध्ये सरकवली. चारचौघांत कशाला तिची फजिती?

तसं तिचं विसरणं त्याच्या नजरेत भरलं होतं ते शिवणावरून. बायको घरी शिवणकाम करायची. गिऱ्हाइकांचे कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कॉलरच्या आत लाल दोऱ्याने नावाचं अक्षर घालायची. ते काम सोडून चार वर्षं झाली. आणि गेल्या आठवड्यात बघतो तर बाईसाहेब दुपारभर बसून घरच्याच कपड्यांवर खुणा घालतायत!

"अगं, गिऱ्हाईक कुठंय?" त्याने हसून विचारलं होतं. ती सुई हातात धरून त्याच्याकडे नुसती बघत राहिली. कोण बोलतंय ते तरी तिला कळलं की नाही, देव जाणे.

"परत जाताना दादाकडे चहाला थांबू," गाडीत बसताना तो म्हणाला. त्याचा थोरला भाऊ त्याच शहरात राहायचा.

लेकीने आरशातून आईकडे पाहिलं.

"अहो, दादांना जाऊन सहा वर्षं झाली," बायको हळूच म्हणाली.

 जित्याजागत्या माणसाला हिने मारून टाकलं! लेकीने डोळे पुसले. तेव्हा त्याची खात्रीच पटली, सही केली ते बरोबर केलं.

ती खात्री समुद्रापर्यंतच टिकली. बायको चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यात उभी राहिली.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"तुम्ही सांगायचात तसाच," ती म्हणाली. मग त्याचा हात धरून म्हणाली, "माझ्यावर रागावू नका हं."

"मी कशाला रागावेन?"

 त्याला एकदम भडभडून आलं. पहाटे चारला उठून हिने जन्मभर डबा भरून दिला. हिला परक्यांच्या हाती सोपवून घरी जायचं, आणि मग चहा काय भिंतीशी बोलत प्यायचा?

संस्थेत फिनेलचा वास होता. खोलीत एकच पलंग होता, खिडकीतून समुद्र दिसत होता. लेकीने बॅग पलंगावर ठेवली, तसा तो दारात आडवा उभा राहिला.

"थांबा. सही मी केली होती, मीच ती मोडतो. बायकोला मी इथे ठेवणार नाही. ती विसरेल ते मी लक्षात ठेवीन. चल गं, घरी चल."

 नर्सने बायकोकडे पाहिलं. बायकोने पर्समधून चिठ्ठी काढली, त्याच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. मग तिने नर्सला मानेनेच हो म्हटलं.

नर्सने बॅग उघडली. सहा शर्ट, चार पँट, दाढीचं सामान. प्रत्येक कॉलरच्या आत लाल दोऱ्याने घातलेलं त्याच्या नावाचं अक्षर.

तो बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिला. मग बायकोकडे वळून काळजीने म्हणाला, "अगं, निघताना गॅस बंद केलास ना?"