झुलालचे बूट

“कुठे चावतो का?” दुकानदाराने तिसऱ्यांदा विचारलं आणि झुलालने तिसऱ्यांदा नाही म्हणून सांगितलं.

धुळ्याच्या आग्रा रोडवरचं लहानसं दुकान. दुकानदार भाईदास खाली पोत्यावर बसला होता, झुलालचा उजवा पाय मांडीवर घेऊन. मागे बाकड्यावर झुलालची बायको भागाबाई. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्यात जिथे एसटीचा रस्ता संपतो, तिथून टपालाची थैली पाठीवर टाकून वरच्या पाड्यांना पोचवायचं काम झुलाल करायचा. रोजची सात कोस चाल. आजवर वहाणांवर निभावलं होतं. आता त्याला बूट हवे होते. जाड तळाचे, घोट्याच्या वर येणारे, काटा आत शिरणार नाही असे.

भाईदासचं या बाबतीत शास्त्र होतं. बूट घ्यायला माणसाने दुपार उलटल्यावर यावं, कारण पाय तेव्हा फुगलेले असतात. मोजे जाड घालावेत. अंगठ्यापुढे बोटभर जागा सुटली पाहिजे, टाच मात्र हलता कामा नये. आणि ओझं वाहणाऱ्याने ओझ्यासकट चालून बघावं. त्याने दोन-तीन जोड बाजूला सारले आणि स्वतःच्या हाताने शिवलेला एक पुढे केला. बाकी सगळं मी मापाने सांगतो, तो म्हणाला, पण कुठे टोचतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

झुलालने घाईने दोन्ही पाय बुटांत घातले.

त्याच्या उजव्या तळव्याला काहीच कळत नव्हतं. वर्ष होत आलं. आधी पोटरीवर फिकट चट्टा उठला, मग करंगळीकडची बाजू बधिर झाली, मग सगळा तळवा. गेल्या महिन्यात बाभळीचा काटा रुतलेला घेऊन तो घरापर्यंत चालत आला होता. याला काय म्हणतात ते त्याला माहीत होतं. महारोग. तो शब्द त्याने घरातही उच्चारला नव्हता. पाड्यांवरची माणसं पत्र त्याच्या हातून घेत. म्हाताऱ्यांचा अंगठा तो स्वतः धरून मनीऑर्डरीच्या कागदावर टेकवी. त्यांना कळलं तर उद्या हात कोण पुढे करील?

बाजारात घेतलेली बाजरीची गोणी पाठीवर टाकून तो पाचकंदील चौकापर्यंत गेला. जाताना लोकांच्या पायांकडे बघत होता. माणसं पाऊल कसं टाकतात, कसं उचलतात, ते बघून तसंच टाकत होता. परत आला तेव्हा सदरा घामाने भिजला होता. बूट झकास आहेत, असेच घालून जातो, असं त्याने सांगितलं.

भाईदास म्हणाला, एकदा काढा, शिवणीला तेल लावून देतो. आणि त्यानेच नाडी सोडून बूट ओढला. राखाडी मोज्याची टाच लाल झाली होती.

भाईदासने बुटात हात घातला. टाचेत एक खिळा वर आला होता. आतून वाकवायचा राहिला, माझ्याच हातची चूक, तो ओशाळून म्हणाला. “पण भाऊ, तुम्ही सांगायचं तरी...”

बोलता बोलता तो थांबला. त्याने झुलालच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याचे हात आपोआप पायजम्याला पुसले गेले.

झुलालने ते बघितलं. त्याने बूट ओढून घेतला आणि रक्ताळलेला पाय तसाच आत कोंबायला लागला. आधी इथून निघायला हवं होतं. भागाबाई उठून त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिने बूट बाजूला ठेवला, मोजा काढला आणि जखमेशेजारी अंगठा रोवला.

“दुखस का?”

“नही.”

तिने आणखी जोर दिला. झुलालचा पाय जागचा हलला नाही.

“कव्हयपाईन शे हाई?”

वर्ष झालं, असं तो फरशीकडे बघत म्हणाला. भागाबाईच्या अंगठ्याचा थरकाप त्याच्या पायाला कळला नाही, डोळ्यांना दिसला.

एक गिऱ्हाईक पायरी चढत होतं. भाईदासने त्याला नंतर यायला सांगितलं. मग पाण्याचा तांब्या आणि स्वच्छ चिंधी घेऊन आला, पुन्हा पोत्यावर बसला आणि झुलालचा पाय मांडीवर घेतला. भाईदासच्या गल्लीतल्या एकाला हेच होतं. सरकारी दवाखान्यात याच्या गोळ्या मिळतात. त्याने त्या नेमाने खाल्ल्या, आज तो रिक्षा चालवतो. गेलेलं परत येतं की नाही ते मला माहीत नाही, भाईदास म्हणाला, पण पुढे सरकायचं थांबतं. उद्या दवाखाना उघडला की जा.

जखम बांधताना त्याने मान वर केली नाही.

“मलाही भीती वाटली, भाऊ. खोटं कशाला बोलू?”

झुलालने मान हलवली.

भाईदासने खिळा ठोकून सपाट केला, वर चामड्याचा तुकडा चिकटवला आणि बूट पुढे केला. झुलालने हात पुढे नेला, पण भागाबाईने बूट आधी घेतला. बांगड्या मागे सारून तिने हात मनगटाच्याही वर आत घातला.

“रोज मी देखसू,” ती म्हणाली. “मंग घाला.”

तिची बोटं टाचेवरून, शिवणीवरून, पुढे अंगठ्याच्या जागेपर्यंत हळूहळू सरकत होती. झुलाल बुटाकडे बघतच नव्हता. तो तिच्या कपाळाकडे बघत होता, कुठे आठी पडते का ते.