सांगायचं नाही!

बाईंच्या वर्गात अडलेल्याला उत्तर पुरवणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. कुणी कुजबुजलं की डस्टर उगारायच्या: "सांगायचं नाही! आठवू दे तिला. स्वतः शोधलेलं जन्मभर टिकतं." मग अख्खा वर्ग चिडीचूप. अर्धांगवायूनंतर त्याच बाईंचे शब्द हरवले. त्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट मुलीने किल्लीचं चित्र समोर धरलं. शब्द बाईंच्या जिभेवर येऊन अडला. नवऱ्याला राहवेना. "अगं, आपल्या कपाटाची…" "काका, सांगायचं नाही!" मुलीने हातातली फाईल उगारली. "आठवू द्या त्यांना." बाई चमकल्या. ही तर मागच्या बाकावरची सतत अडखळणारी चिमणी! बाईंच्या कपाळावर घाम आला, पण कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी खणखणीत शब्द बाहेर पडला: "किल्ली!" चिमणी काही बोलणार, तेवढ्यात बाईंनी धडधाकट डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. "शाब्बास, पोरी!"