सरपंचासाठी प्रार्थना

करुणा नर्सबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि ग्रामसभेतली कुजबुज थांबली. गेल्याच महिन्यात त्या सरपंचपदाची निवडणूक हरल्या होत्या. ज्याने हरवलं तो हर्षद समोर खुर्चीवर बसला होता. आता जुंपणार, म्हणून मंडपाबाहेर उभी असलेली माणसंही आत सरकली.

पण माईक हर्षदच्या हातात होता. तोच आधी बोलला.

"नर्सबाई, तुमचे आभार मानायचे राहिले. रविवारी चर्चमध्ये माझं नाव घेऊन प्रार्थना केलीत म्हणे."

काहीजण हसले. समुद्रकाठी, नाटे गावाच्या अलीकडचं हे छोटं गाव. चारपाच ख्रिस्ती घरांच्या चर्चमध्ये सकाळी बोललेलं संध्याकाळी बंदरावर पोचायचं. तिथे दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते आणि त्या रविवारी पाळी करुणाबाईंची होती. ही बाई निवडून आली तर पंचायतीच्या छपरावर क्रूस चढेल, असं हर्षदच्या माणसांनी प्रचारात घरोघर सांगितलं होतं. त्यामुळे नुसतं 'आमचे अधिकारी' म्हणून त्या पुढे जातील, असं चर्चमध्ये सगळ्यांना वाटलं. त्यांनी हर्षदचं नाव घेतलं. त्याच्यासाठी शहाणपण मागितलं, न्यायबुद्धी मागितली, त्याच्या लेकरांना सुखी ठेव म्हटलं.

घरी जाताना त्यांचा नवरा दानिएल धुमसत होता. "एवढं बोलले ते आपल्याला, आणि तू त्याच्यासाठी मागत बसलीस?"

"ती खुर्ची देवाने गावाच्या भल्यासाठी ठेवलीय," करुणाबाई म्हणाल्या होत्या. "तिच्यावर मी बसले नाही, म्हणून ती काय देवाची राहिली नाही?"

दानिएल आज सगळ्यात मागे, खांबाला टेकून उभा होता.

"म्हणजे आपलं काही भांडण उरलं नाही," हर्षद म्हणाला. "बसा आता."

"प्रार्थना केली म्हणूनच उभी आहे," करुणाबाई म्हणाल्या. "ज्याच्यासाठी देवाकडे मागितलं, तो काय करतोय ते विचारायला नको? सरपंच, नळाची नवी लाइन वरच्या वाडीपासून का सुरू होतेय?"

आता कोणी हसलं नाही. वरच्या वाडीत हर्षदचं घर होतं आणि तिथल्या विहिरींना मे महिन्यातही पाणी असायचं. खाली मच्छीमारांच्या खारवीवाड्यातली विहीर केव्हाच खारट झाली होती. तिथल्या बायका हंडे घेऊन कातळ चढून वर येत.

"काम टप्प्याटप्प्याने होणार. खारवीवाडा पुढच्या वर्षी." हर्षद खुर्चीत मागे रेलला. "आणि खारवीवाड्याची काळजी तुम्हाला कशाला? तिथून तुम्हाला मतं तरी पडली काय?"

पडली नव्हती. सभेतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. एका कडेला बसलेल्या खारवीवाड्यातल्या बायकांनी माना खाली घातल्या.

"नाही पडली," करुणाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "मी मतं मागितली, गावाने तुम्हाला दिली. मी मान्य केलं. पण तुम्ही सगळ्यांचेच सरपंच आहात. ज्यांनी मत दिलं नाही त्यांचे, आणि मत देऊन आता गप्प बसलेत त्यांचेही. ही सत्ता तुमची नव्हे हो. माझ्याकडे आली असती तर माझीही नव्हती. ती सोपवलेली असते. मला देवाने जाब विचारला असता. तुम्हाला निदान गावाने विचारावा."

खारवीवाड्यातली हौसा पदर खोचत उठली. बोलायचं होतं सरपंचाशी, पण ती वळली करुणाबाईंकडे.

"नर्सबाय, आमी तुमाला मत दिलां नाय."

"ठाऊक आहे गो."

"मग आमच्यासाठी कशाला भांडताव?"

"तुझी पोरं माझ्या हातावर जन्मली, हौसा. तेव्हा तुला मत विचारलं होतं काय मी?"

 हौसा सरपंचाकडे वळून मोठ्याने म्हणाली, "पाणी आदी आमच्याकडं द्या. लिवून घ्या ते."

ग्रामसेवकाने हर्षदकडे पाहिलं. हर्षदने सभेकडे पाहिलं. वरच्या वाडीची माणसं एकमेकांकडे बघत होती.

"हात वर करा," तो शेवटी म्हणाला.

खारवीवाड्याचे हात आधी वर गेले. मग बाजारपेठेतले, मग वरच्या वाडीतले दोनचार, मग आणखी. हर्षदने सगळीकडे नजर फिरवली आणि स्वतःचाही हात वर केला. "लिहा. आधी खारवीवाडा."

सगळ्यांचे हात खाली आले. मागे खांबापाशी दानिएलचा हात मात्र वरच होता. बाजूच्याने कोपराने ढोसलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

सभा मोडली. करुणाबाई पायरीवर चपला शोधत होत्या. हर्षद त्यांच्याजवळ येऊन थांबला. आता माईक नव्हता.

"नर्सबाई, येत्या रविवारी पण माझं नाव घेणार?"

"त्या खुर्चीवर आहात तोवर दर रविवारी."

"आणि पुढच्या निवडणुकीला?"

करुणाबाईंनी चपलेत पाय सरकवला आणि ताठ उभ्या राहिल्या.

"तेव्हा उभी राहणार. तुमच्याविरुद्ध."