दोन सीटांची गाडी

यजमानांनी चावी फिरवली तशी गाडी खोकली, थरथरली आणि चक्क सुरू झाली. मिस्त्रीने फडकं खांद्यावर टाकून टाळी वाजवली. शेडच्या दाराशी उभी असलेली त्यांची बायको मात्र एक पाऊल मागे सरकली.

लाल, उघडी, दोनच सीटांची ती स्पोर्ट्स कार. लग्नानंतर दोघांनी तिच्यातून पन्हाळा, आंबोली, गोवा, सगळं पालथं घातलं होतं. मग मुलगा झाला. "आता तिघं कुठे मावणार हिच्यात?" असं हसत म्हणून यजमानांनीच गाडीवर ताडपत्री घातली, त्याला चाळीस वर्षं झाली. गेल्या चैत्रात तोच मुलगा तापाचं निमित्त होऊन गेला. यजमानांनी अंथरूण धरलं, बोलणं सोडलं. आणि एके सकाळी उठून ती ताडपत्री ओढून काढली, मिस्त्रीला हाताशी घेऊन गाडी खोलली. हाताला काम लागलंय, म्हणून तिनेही अडवलं नव्हतं.

"काकू, बसा की शेजारी!" मिस्त्री म्हणाला. "एक चक्कर होऊ दे दोघांची."

'दोघांची' ऐकताच यजमानांचा हात स्टिअरिंगवर थिजला. ती पदर सावरून आत बसली. दोन्ही सीटा भरल्या. तिसऱ्याला जागा नव्हती, आणि आता लागणारही नव्हती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि चावी मागे फिरवली.

"कसला तरी आवाज येतोय," ते म्हणाले. "उद्या परत खोलावी लागेल."

"आवाज?" मिस्त्री चक्रावला. "काका, इंजिन एकदम मख्खन चाललंय!"

"येतोय रे," ती म्हणाली. "मलाही ऐकू आला."