पंधराशे बैठका

लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली होती. सोजराबाईनं ती काचेच्या बाटलीत भरून, पदराखाली झाकून आणली होती. चिंचवडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली उजेडाकडे धरली, तेव्हा सोनबा वस्ताद दारातच उभे होते.

खाटेवर ज्योतीराम पडला होता. सोजराबाईचा नवरा, बाविशीचा गडी. पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर मराठवाड्यातून आलेला आणि सुटी झाली की वस्तादांच्या तालमीत कुस्ती शिकणारा. त्याच्या मांड्या दगडासारख्या टणक सुजल्या होत्या. पाय वाकत नव्हते.

"कुठं पडलास? मार लागलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई. परवा बैठका मारल्या. पंधराशे."

"एका दमात?"

"व्हय."

"आणि त्याआधी?"

"तीन म्हैने हिवतापानं अंथरुणात व्हतो. परवाच तालमीत गेलो."

डॉक्टर लष्करात नोकरी करून आलेले. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि खुर्ची ओढून खाटेजवळ बसले.

"हे रक्त नाही, ज्योतीराम. हे तुझ्या मांड्यांचं मांस आहे. स्नायू म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या. मेहनत केली की त्यातले थोडे उसवतात. आपण जेवतो, झोपतो, तेव्हा शरीर ते सांधतं आणि पहिल्यापेक्षा जाड करतं. ताकद तालमीच्या हौद्यात येत नाही, विश्रांतीत येते. तुझे तंतू सांधायच्या पलीकडे फुटलेत. त्यांच्यातला रंग रक्तात उतरलाय आणि आता मूत्रपिंडात अडकतोय. लढाईत ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्या माणसांचं असं झालेलं मी पाहिलंय."

"ती मान्सं वाचली?" सोजराबाईनं विचारलं.

डॉक्टर उठले. "सोडा घातलेलं पाणी पाजत राहा. वाटी-वाटीनं, पण थांबू नका. लघवी होत राहिली पाहिजे. ती बंद पडली, तर माझ्या हातात काही उरणार नाही." मग दाराशी वळून त्यांनी विचारलं, "इतक्या बैठका मारायला सांगितलं कुणी?"

"कुनी न्हाई," ज्योतीराम म्हणाला. "म्याच मारल्या, माज्या मनानं."

वस्तादांना क्षणभर हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली आणि ते बाहेर लिंबाच्या पारावर जाऊन बसले.

परवा बाराशेव्या बैठकीला ज्योतीराम म्हणाला होता, "वस्ताद, पाय आता माजं ऐकंनात." तालमीतली सगळी पोरं बघत होती. वस्तादांनी त्याच्याकडं न बघता म्हटलं होतं, "बाराशे एक."

दुपारपर्यंत एकदाच लघवी झाली. ओंजळभर, आणि तशीच काळी. त्यानंतर काहीच नाही. दर खेपेला दार वाजलं की वस्ताद उठून उभे राहायचे, आणि कंपाउंडर रिकाम्या हातांनी समोरून निघून जायचा.

उन्हं कलायला लागली तेव्हा सोजराबाई पारापाशी आली. तिच्या हातात तांब्या होता.

"वस्ताद, खरं सांगा. तुमच्या शब्दाबाहेर ते कंदी गेलं न्हाईत. आपल्या मनानं पंधराशे कशा मारतील?"

वस्तादांनी आजवर भल्याभल्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला होता. तिच्याकडं त्यांना बघवेना.

"म्या सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "त्यो थांबतो म्हनला. म्या थांबू दिलं न्हाई."

ती ओरडेल, शिव्या देईल, असं त्यांना वाटलं. तिनं तांब्या त्यांच्यापुढं धरला.

"मग आता तुमीच पाजा. माज्या हातचं प्येत न्हाईत, उलटी येती म्हनत्यात. तुमचं ऐकतील."

वस्ताद आत गेले. खाटेशेजारी जमिनीवर बसले आणि वाटी भरली.

"घे."

ज्योतीरामनं मान फिरवली. "जात न्हाई, वस्ताद."

"ठाऊक हाय. दम खा. मग घे."

ते थांबले. त्याचा श्वास खाली बसेपर्यंत थांबले, आणि मग वाटी त्याच्या ओठांना लावली. पुन्हा थांबले. पुन्हा लावली. असं किती वेळ चाललं, कुणी मोजलं नाही.

दिवेलागणीला कंपाउंडर भांडं घेऊन बाहेर आला. अर्ध्याहून जास्त भरलं होतं. रंग गुळाच्या पाण्यासारखा. डॉक्टरांनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि पहिल्यांदाच खांदे सैल सोडले.

"सुटलं," ते म्हणाले. "अजून दोन दिवस लक्ष ठेवू. पण सुटलं."

सोजराबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत पोरं रांगेत उभी राहिली. वस्ताद आता मोजायला सुरुवात करतील, म्हणून सगळ्यांनी श्वास भरून घेतला. वस्ताद रांगेसमोरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

"कुनाचं काय दुखतंय?" त्यांनी विचारलं.

पोरं एकमेकांकडं बघू लागली. वस्ताद पारखून बघतायत, असंच सगळ्यांना वाटलं. वस्ताद वाट बघत उभे राहिले.

शेवटी रांगेतला सगळ्यात दांडगा गडी, दत्तोबा, मान खाली घालून म्हणाला, "गुडघा, वस्ताद. दोन वरसं झाली."